डाव्या पेटीतला घोडा

ता. ४ सप्टें. १९७५, गुरु.
थोरल्या भावाचं, अण्णांचं पत्र. तोफखान्यातली नोकरी संपली, दिवाळीला पेन्शनवर कायमचे घरी. लिहितात : "सोप्यात तबकड्या वाजवायला दोन पेट्यांचा स्टिरिओ संच जमव. तयार रेडिओग्राम नको. एकेक भाग तू स्वतः निवड. मामांना विचारू नको."
एकाहत्तरच्या लढाईच्या आधी त्यांनी मेसमध्ये तसा संच ऐकला होता. त्यात एक घोडा, नुसत्या टापांच्या आवाजाने, या भिंतीतून निघायचा आणि खोलीतून चालत त्या भिंतीत जायचा. हे त्यांनी प्रत्येक सुट्टीत सांगितलंय.
पत्राच्या शेवटी : "संच मनासारखा झाला तर उंब्रजला स्टँडजवळ रेडिओ-दुरुस्तीचं दुकान घालून देतो. नाही झाला तर मामांच्या हाताखाली जायचं. तिसरं काही नाही."
आईने दिवस मावळायच्या आत मामांना निरोप धाडला! विचारू नको म्हणजे सांगू नको हेही लिहायला हवं होतं का? राग आला की अक्षर बिघडतं म्हणून थांबलो, पाणी पिऊन आलो.

ता. ७ सप्टें., रवि.
मामा आले. त्यांचा मंडप आणि कर्ण्यांचा धंदा. आवाज किती लांब गेला यावर त्यांचं सगळं मोजमाप.
"दोन पेट्या कशाला रं? एक कर्णा बांध आंब्याला. कृष्णेपल्याड गेला पायजे आवाज."
म्हटलं, "मामा, आवाज सोप्याच्या बाहेर जायलाच नको आहे."
"आं? मग लावायचा कशाला?"
आईसुद्धा हसली. वहिनीसुद्धा. मी नववीतून शाळा सोडली, तेव्हापासून मी काहीही बोललो की हे लोक आधी मामांच्या तोंडाकडे बघतात.

ता. १४ सप्टें., रवि.
आठवडाभर विजेला मीटर लावून बसलो. पहाटे २४० व्होल्ट. उसाच्या मोटारी सुरू झाल्या की १६५, दिवा निखाऱ्यासारखा लाल. म्हणजे स्टॅबिलायझर आधी, बाकी नंतर. व्हॉल्व्हचा ॲम्प्लि. गोड बोलतो हे कबूल, पण या विजेवर व्हॉल्व्ह म्हणजे दर महिन्याला सांगलीची वारी. ट्रान्झिस्टरच. डेक एका वेळी एकच तबकडी घेणारा, पण थाळी जड हवी. जड थाळी वेग पटकन सोडत नाही.
स्पीकर आठ इंची. इथे चूक झाली तर सगळं गेलं. जोडी अगदी सारखी हवी. एक थोरला एक धाकटा असं झालं की घोडा मधेच बसणार.

ता. २२ सप्टें., सोम.
सांगली. गणपती पेठ. दुकानदाराला काय काय हवं ते कागदावर लिहून दिलं. डेक मनासारखा मिळाला, ॲम्प्लि. दहा-दहा वॅटचा, तोही. स्पीकर त्याने आतून बांधूनच आणून दिले. स्टँडवर बाकावर सोडून बघितले तर एकाचं लोहचुंबक दुसऱ्यापेक्षा बोटभर जाड! परत पेठेत.
"दोन्ही आठ इंचीच आहेत की. कानाला काय कळतंय?"
"जोडी मागितली होती."
"शिक्षण किती तुमचं?"
"नववी."
"मग बरोबर. दहावीला असता तर मला दुकानच बंद करायला लावलं असतं." गिऱ्हाइकं हसली.
मी मीटर काढून काउंटरवर ठेवला आणि दोन्ही स्पीकर मोजून आकडे मोठ्याने वाचले. मग दाराच्या पायरीवर बसलो. चार वाजेपर्यंत उठलो नाही. येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचो, "जोडी घ्यायला आलात का?" शेवटी त्याने माळ्यावरून खरी जोडी काढली. वर गिऱ्हाइकांना ऐकवायची नमुन्याची तबकडी दिली, मी तिथून हलावं म्हणून.
त्या तबकडीत घोडा आहे. डावीकडून निघतो.
यष्टी चुकली. कऱ्हाडपर्यंत उभा आलो. स्पीकर मांडीशी धरून नव्हे, छातीशी.

ता. ५ ऑक्टो., रवि.
पेट्या सुताराने बरोबर केल्या. (तिसऱ्यांदा. पहिल्या दोन वेळा अर्धा इंच इकडेतिकडे. "आवाज काय पट्टी घिऊन बसतोय व्हय?")
आत भरायला लोकर हवी. माणचे मेंढके वरच्या रानात उतरलेत, त्यांच्याकडून आणली. म्हाताऱ्याने विचारलं, "घोंगडं विणायचंय?"
"पेटीत भरायचीय. लोकर आवाज गिळते."
त्याने मेंढरांकडे बघितलं. "ह्यांचा तर कवाच गिळला न्हाई."
दोनदा धुतली तरी पेट्यांना कळपाचा वास येतो.

ता. ८ ऑक्टो., बुध.
जोडणी झाली. घोडा चालला!! डाव्या पेटीतून निघाला, सोप्याच्या मधून कणगीपुढून उजवीत गेला. वहिनी उंबऱ्याजवळ उभ्या होत्या, त्या चक्क बाजूला सरल्या. मग स्वतःच्याच तोंडावर पदर धरून हसत सुटल्या.
खुर्चीची बरोबर जागा काढून जमिनीवर खडूने चार पायांच्या खुणा केल्या. सारवताना तेवढं सोडायचं, असं दोघींना बजावलं.

ता. १३ ऑक्टो., सोम., खंडेनवमी
अक्षर बिघडतंय, बिघडू दे.
आज नांगर, विळे, सायकल, माझा मीटर, सगळ्याची पूजा. मी मळ्यात होतो. डाव्या पेटीचं कापड ताणायला काढून ठेवलेलं. आईने ओल्या बोटाने स्पीकरच्या उघड्या कागदावर हळद-कुंकू लावलं. नुसतं टेकवलं नाही, स्वस्तिक काढलं, जोर देऊन, चांगलं उमटावं म्हणून. कागद भिजून फाटला. दोन बोटं जातील एवढं भोक.
"उजवीला कापड हुतं म्हणून त्यावर नीट उमटंना," म्हणाली. म्हणजे डावीवर नीट उमटलं याचं समाधान!
ओरडलो. फार ओरडलो. सणाच्या दिवशी. ती म्हणाली, "देवाच्या कामावर राग धरू नये रं," आणि विळ्यांवरची फुलं सारखी करत बसली.

ता. १६ ऑक्टो., गुरु.
पतंगाचा कागद आणि पातळ सरस, एकावर एक तीन थर, प्रत्येक थर वाळू देऊन. वाजवून बघितलं, तारा बदलून बघितलं. काही फरक कळत नाही. घोडा जातो.
आई म्हणते, अण्णाला सांगू नको. नाही सांगणार. पण मला माहीत आहे ना.

ता. ३० ऑक्टो., गुरु.
अण्णा आले. मिशा पिकल्यात. आवाज मात्र आधीपेक्षा चढा, शेजारी बसलेल्याशीही कवायतीवर बोलल्यासारखे बोलतात.
वहिनी आईजवळ कुरकुरत होत्या : "तीनदा हाक मारली तर वळलंबी न्हाईत. साहेब झाल्यात आता."
आई म्हणाली, "दमलाय त्यो."

ता. १ नोव्हें., शनि.
संच वाजवला. अण्णांना खडूच्या खुणांवर बसवलं. घोडा सोडला. गेला. परत सोडला. अण्णा डोळे मिटून. मग म्हणाले, "सगळा आवाज त्या उजव्या पेटीतनं येतोय. ही डावी मुकी हाय, दत्तू."
आई उठून आत गेली.
"अण्णा, दोन्ही बोलतात."
"मेसमधी मी ऐकलाय. भिताडातनं निघायचा घोडा. मला शिकवू नको. सांगलीवाल्यानं फसीवलंय तुला." मग म्हणाले, "भाऊबीजेला मामा येत्यात आईकडं. ते बघतील काय खोट हाय ती."
मामा बघतील!! मामांना विचारू नको असं कोणी लिहिलं होतं? पत्र ट्रंकेत आहे, दाखवू का? दोन महिने मी मोजून मोजून मेलो आणि निकाल कर्णेवाले देणार!

ता. २ नोव्हें., रवि.
दुरुस्तीच्या वहीत मी चार रकाने करतो : लक्षण, तपास, दोष, उपाय. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा माझा नियम. अण्णांना खुर्चीतून उठू दिलं नाही. ते चिडले, मीही चिडलेलाच होतो.
पेट्यांची अदलाबदल केली. सांधलेली उजवीकडे. अण्णा : "डावी मुकी." म्हणजे सांधा निर्दोष. (आईला लगेच सांगितलं. तिला पटलं नाही.)
ॲम्प्लि.च्या तारा बदलल्या. "डावी मुकी."
त्या होत्या तशा करून डेकच्या तारा बदलल्या. आता घोडा उजवीकडून निघून डावीकडे गेला, मला लख्ख ऐकू आला. अण्णा : "घोडा हललाबी न्हाई. डावी मुकीच हाय."
डाव्या भिंतीजवळची पोती बाहेर काढली. तेच.
सगळं बदललं तरी दोष जागेवर. मग जे बदललं नाही ते बघायचं. बदलली नाही ती फक्त खुर्ची.

ता. ३ नोव्हें., सोम., लक्ष्मीपूजन
दुपारी सोप्यात आम्ही दोघेच. खुर्ची उलटी फिरवली. "पेट्यांकडे पाठ करून बसा."
"परेड घेतोस व्हय रं माजी?" पण बसले.
तबकडी लावली.
"आता ही बोलाय लागली. आन् मगाची ती बोलत हुती ती..."
तिथेच थांबले. तबकडी संपली, सुई रेघेवर खरडत राहिली. मीही उचलली नाही. त्यांनी डावा हात कानाजवळ नेला, चुटकी वाजवली. मग उजव्या कानाजवळ. मग पुन्हा डाव्या.
"किडा वरडतोय डाव्या कानात, वरीसभर झालं. मला वाटलं, जाईल."
मी सुई उचलून ठेवली.
"साखर कारखान्यात पहाऱ्याची जागा हाय. डाक्टरपुढं उभं ऱ्हायाचंय मला. ध्यानात ठेव." आणि मळ्यात निघून गेले.
मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही असेल. पण आधी राग आला. लख्ख राग. दोष त्यांच्यात, आणि दोन दिवस मुकी कोण? माझी पेटी. फसलेला कोण? मी.
वहीत लक्षण लिहिलं, तपास लिहिला. दोषाचा रकाना कोरा. असा कोरा रकाना आजवर एकही नाही.

ता. ४ नोव्हें., मंगळ., पाडवा
आई कालपासून धड जेवली नाही. मी ओरडलो तेव्हा रडली नाही, आता रडते. "माज्या कुंकवानंच पेटीची वाचा गेली."
"आई, तुझी चूक नाही, शपथ."
"मग कुणाची?"
दोनदा विचारलं. दोनदा मी पाणी आणायच्या निमित्ताने उठलो.
उपाय माझ्याकडे आहे. सहा इंच तार. ॲम्प्लि.च्या तोंडाशीच दोन्ही बाजू एकत्र जोडायच्या, दोन्ही पेट्या अण्णांच्या उजव्या हाताला ठेवायच्या. मग अण्णांना सगळं ऐकू येईल, कोणाला काही कळणार नाही. फक्त घोडा चालणार नाही. एका जागी टापा आपटत उभा राहील. मामा म्हणतील, "एक कर्णा बांध म्हणालो हुतो का न्हाई?" आणि खरंच म्हणाले होते. मग स्टँडजवळचं दुकान गेलं, मामांच्या मागे जन्मभर बांबू वाहायचे.
नाही जोडली, तर मामा उद्या खुर्चीत बसतील. मामांचे दोन्ही कान ठणठणीत आहेत. ते म्हणतील, "डावी तर चांगली बोलतीया की." सगळ्यांची तोंडं अण्णांकडे वळतील.
का म्हणून मी ठरवायचं हे? मी नववी. ते हवालदार.
तार कापली. दोन्ही टोकं सोलून ठेवली. जोडली नाही.

ता. ५ नोव्हें., बुध., भाऊबीज
सकाळी अण्णा सोप्यात आले, तार बघितली. तोफखान्यातला माणूस, त्याला तार समजते.
"ही कशाला?"
सांगितलं. घोडा उभा राहील हेही सांगितलं.
बराच वेळ तार बोटाभोवती गुंडाळत राहिले. "मेसमधी आमी धाजण हुतो," म्हणाले. "घोडा गेला की समदी मान वळवायची. एक मी न्हाई वळवली, मला कळतच हुतं कुटं चाललाय ते."
मग तार खिशात टाकली. माझ्या खिशात नाही, त्यांच्या.
"अण्णा, मामांना काय सांगायचं?"
"मामा आलं का?"
"नाही अजून."
"मग?"
खुर्ची त्यांनी स्वतः फिरवली. माझ्या खडूच्या खुणांवरून आडवी, उजवा कान पेट्यांकडे. "लाव."
घोडा लावला. टापा जवळ आल्या, लांब गेल्या. अण्णांची मान हलली नाही. वहिनी ओवाळणीचं ताट मांडत होत्या; त्या थांबून खुर्चीकडे बघायला लागल्या, मग अण्णांच्या डाव्या कानाकडे. ताट घेऊन चालत त्यांच्या उजव्या बाजूला आल्या आणि अगदी हळू विचारलं, "च्या आणू?"
"आण," अण्णा म्हणाले. पहिल्याच हाकेला.
मला अजून राग आहे. लिहून ठेवतो, कारण दुपारनंतर असेल की नाही सांगता येत नाही.
मामांची फटफटी पुलावर आली, इथे ऐकू येतेय. आई पाट मांडतेय. अण्णांना म्हटलं, मामा आले, खुर्ची सरळ करू का? ते म्हणाले, "घोडा पुन्यांदा लाव."
खुर्ची आडवीच आहे.