गिरिजाच्या हातचा ऍसिटोन

प्रिय गिरिजा हिस,

मीरा रोडहून आशाचा नमस्कार. रिक्षाने तुझ्या घरी इंद्रलोकला सहज पोचणाऱ्या बाईने पत्र लिहावं हे जरा अतीच, पण तू फोन उचलत नाहीस आणि भेटायला आलं की गुडघ्यांचंच सांगतेस. तर गुडघे कसे आहेत? (उत्तर नको, मला पाठ आहे.) माझा रक्तदाब मजेत आहे.

बातमी अशी, की आमच्या कॉलेजात एनएमआरचं यंत्र आलंय. हो, तेच. आता ते मायक्रोवेव्हएवढं होऊन टेबलावर बसतं. पदार्थातल्या हायड्रोजनना चुंबकात बसवायचं आणि शेजारी कोण राहतं ते विचारायचं, उत्तर आलेखावर रेघांनी येतं, असं मी पोरांना सांगते. खंडेनवमीला आमच्या नीलेश सरांनी (विभागप्रमुख, वयाने माझ्या विद्यार्थ्याएवढे) यंत्राला हार घातला, हळदकुंकू वाहिलं आणि भक्तीच्या भरात नमुन्याच्या काचेच्या नळीलाही बोट लावलं. नळी तशीच आत गेली. कंपनीचा माणूस आतलं कुंकू पुसत म्हणाला, “मॅडम, इसमें ये सब नहीं डालने का.” सर तेव्हापासून लांबूनच नमस्कार करतात.

मला मात्र आपली एमएस्सी आठवत राहते. आपला नमुना पावडरच्या डब्यात कापूस घालून मुंबईतल्या त्या मोठ्या संस्थेत पोचवायचा आणि मग आलेख येईपर्यंत रोज टपालाच्या खणात हात घालायचा. शेवटी तो लांबलचक कागद आला, आणि त्यावरच्या सगळ्यात उंच रेघेवर बोट ठेवून तू म्हणालीस, “हाच आपण शोधत होतो तो मिथाइल!” पेढे वाटून झाल्यावर आपल्या तेव्हाच्या सरांनी चष्मा पुसून सांगितलं, की पोरींनो, हा ऍसिटोन आहे. बाटली ऍसिटोनने विसळून तू न वाळवताच त्यात नमुना भरला होतास. आपण जिन्यात बसून आधी रडलो, मग पोट दुखेपर्यंत हसलो. तसं हसणं पुढे फारसं झालं नाही गं. तू बँकेत गेलीस, मी शिकवत राहिले.

आता आलेख चहा येईपर्यंत तयार होतो. पोरं हुशार आहेत, बाटल्या लख्ख ठेवतात, त्यामुळे चुकतच नाहीत. आणि संगणकाने दाखवलेली प्रत्येक रेघ खरी मानतात. परकी रेघ ओळखायला शिकवावी म्हणून मीच नमुन्यात ऍसिटोन घातला, तर त्याची रेघ इतकी उंच झाली की आमचा पदार्थ आलेखाच्या तळाशी मुंगीसारखा दिसू लागला. इशिता नावाची विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, हे तर मुद्दाम केल्यासारखं वाटतंय.” निष्काळजीपणालाही हात लागतो, तो तुझ्यासारखा मी पाहिला नाही.

तुझी,
आशा (त्या पेढ्यांची अर्धी धनीण)

ता. क. बुधवारी सकाळी अकराला प्रात्यक्षिक आहे. बाटली तूच विसळायचीस. घरून विसळून आणलीस तर वाटेत वाळेल, म्हणून इथे येऊनच विसळ.

ता. क. २. खरं सांगते. कपाटात ऍसिटोन भरपूर आहे आणि थेंब मोजून टाकायला मलाही येतं. पण हरिश्चंद्र भावोजी गेल्यापासून तू घराचा जिना उतरली नाहीस, असं तुझ्या लेकीने, रसिकाने सांगितलं. गुडघे ठीक आहेत, हेही तिनेच सांगितलं. मला तू हवी आहेस.

ता. क. ३. पेढे सांगून ठेवलेत. या वेळी रेघ ऍसिटोनचीच निघणार हे ठरलेलं आहे, तेव्हा आधी वाटले तरी चालतील.