काळ्या कानावरचा थेंब

३ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्राचं कारण आधी, ख्यालीखुशाली नंतर. मुकादम बोक्याच्या इन्सुलिनची पुढची बाटली देणार नाही, असं जनावरांच्या डॉक्टरांनी मला तोंडावर सांगितलं आहे. घरात नीट दिसणारं माणूस असेल तरच देईन, म्हणाले. हातातली बाटली महिनाभर पुरेल. पुढे इन्सुलिन नाही, आणि इन्सुलिन नाही तर बोका नाही. फोनवर तुला हे ओरडून सांगितलं असतं तर तुझ्याआधी माझ्या खालच्या मजल्याला कळलं असतं, म्हणून कागद घेतला. अक्षर एवढं मोठं काढलं आहे ते तुझ्या सोयीसाठी नव्हे. जाड पेन नसलं तर माझं मलाच दिसत नाही.

घडलं ते असं. गेल्या मंगळवारी सकाळी नेहमीसारखी त्याच्या कानाची कड टोचली आणि थेंब पट्टीला लावला. यंत्राने साखर चारशेच्या वर दाखवली. आकडा मी भिंगातून दोनदा वाचला. जास्त साखरेला पूर्ण डोस, कमी साखरेला अर्धा, फारच कमी असेल तर काही नाही, असं डॉक्टरांनीच ठरवून दिलेलं आहे. मी पूर्ण डोस दिला. दुपारी मुकादम पलंगावरून उतरता उतरता कोसळला. पाय चार दिशांना, तोंडातून लाळ, हाक मारली तरी ओळख नाही. साखरेचं पाणी हिरड्यांना चोळलं, टोपलीत घातला आणि टॅक्सीने दवाखाना गाठला. वाचला.

डॉक्टर म्हणतात, आदल्या आठवड्याचे आकडे पाहता चारशे शक्यच नाही. तुम्हाला दिसत नाही, तुम्ही सुईत जास्त औषध ओढलं असणार. माझ्या विद्यार्थ्यांचा विद्यार्थी शोभेल असा पोरगा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत जन्म गेला माझा मापं घेण्यात. सुईत जास्त ओढलं जाऊच शकत नाही. सुईच्या नळीला बोटं टेकायची कड असते, तिथपासून दट्ट्याच्या टोकापर्यंत मी दोरा बांधते. दोरा ताठ झाला की दट्ट्या मागे येत नाही, डोळे असोत नसोत. त्या दोऱ्याचं माप याच डॉक्टरांसमोर घेतलं होतं, ते सोयीस्कर विसरले.

तेव्हा खोटं बोललं ते यंत्र. तुझ्या यजमानांकडे त्यांच्या साखरेचं जुनं यंत्र पडून असेल, ते पट्ट्यांसकट पाठव. दोन्ही समोरासमोर ठेवून विचारते.

बाकी मी ठीक. तुझ्या कानाचं नवं मशीन पेटीत ठेवण्यासाठी घेतलेलं नाही, ते कानात घालत जा. माया आहेच, ती रोज पत्रात लिहायची सवय मला नाही.
— ताई


९ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा आमचे हे म्हणाले, निवडणुकीचा फलक आला की काय. पण पहिलं पान वाचलं आणि हसू आटलं. यंत्र सोबत पाठवते आहे. हे रागावले नाहीत, उलट बोक्याच्या आणि माझ्या साखरेचं एकच यंत्र म्हणजे आता सोयरीक पक्की झाली, असं म्हणत होते. तू त्यांना 'यजमान' म्हणतेस तेव्हा ते उगाच ताठ बसतात.

ताई, रागावणार असशील तर पुढचं उद्या वाच. मागच्या खेपेला तू माझ्यासमोर चहा ओतलास तो कपाच्या शेजारी, आणि टेबलाला उतार आहे म्हणालीस. मी टेबल पुसलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते तू मला कधी नीट सांगितलं नाहीस. मला ऐकू येत नाही म्हणून तुझं फावतं.

आकडा तुला भिंगातून दिसतो, मानलं. दोऱ्याची युक्तीही मानली, असलं तुलाच सुचायचं. पण एक सांग. मुकादम डोक्यापासून शेपटीपर्यंत कोळशासारखा. त्याच्या काळ्या कानावरचा तो मोहरीएवढा थेंब मला चष्मा लावूनही दिसला नसता. तुला कसा दिसतो?

नाही जमलं तर त्याला आमच्याकडे दे. मी शिकेन. ह्यांना सुई टोचून टोचून माझा हात बसलेला आहे, आणि बोका ह्यांच्यापेक्षा कमी कुरकुरेल. अंगण आहे, ऊन आहे. हे मी सुचवते आहे, सांगत नाही; तुला सांगायची माझी अजून छाती नाही.

तब्येतीला जप. उत्तराची वाट पाहते, आणि तुझ्या रागाचीही.
— तुझी धाकटी


२० नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे असं समजून लिहायला बसले. थेंब मला दिसत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं ते एवढंच, की नजरेचा मधला भाग गेला, कडा शिल्लक आहेत, आणि गेलेलं परत येत नाही. माणसाच्या तोंडाकडे पाहिलं तर तोंड सोडून सगळं दिसतं. त्यामुळे मी थेंब बोटाने शोधते. गरम कापडाने कान शेकते, कड टोचते, उजव्या तर्जनीचं टोक कडेवरून फिरवते. ओलं आणि ऊबदार लागलं की तिथेच पट्टी टेकवते. वर्षभर हे बिनचूक चाललं आहे.

हे लिहिलं आणि हात थांबला. त्या मंगळवारी मी आधी नाश्ता केला होता. पाव आणि जॅम. नळाला पाणी नव्हतं म्हणून हात नॅपकिनला पुसले, आणि तशीच बोक्याकडे वळले.

तर्क पुरेसा नसतो, म्हणून पाहिलं करून. साबणाने हात धुतले, डावं बोट टोचलं, दोन्ही यंत्रांवर तपासलं. आकडे जवळजवळ सारखे, माझ्या वयाला शोभणारे. मग उजव्या तर्जनीला जॅम लावला, नॅपकिनला अगदी स्वच्छ वाटेपर्यंत पुसला, त्याच बोटाने थेंबाला शिवले आणि पुन्हा तपासलं. दोन्ही यंत्रांनी तिपटीहून जास्त दाखवलं. तुझ्या यजमानांच्या यंत्राला आणि माझ्याही यंत्राला दोष नाही. प्रयोगशाळेत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक पोरीला आधी हात धू म्हणून मी दारातच अडवत असे. त्या पोरींनी हे वाचू नये.

डॉक्टरांकडे जाऊन सांगितलं. सुई बरोबर होती, बोट चुकलं, असं म्हटलं. पोरगा वाईट नाही. म्हणाला, की हे त्याच्याही डोक्यात आलं नसतं. हात धुऊन करत असाल तर बाटली देतो, म्हणाला. लेखी काही मागितलं नाही. घरी येताना मी जिंकल्यासारखी चालत होते.

तो आनंद फार टिकला नाही. परवा खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी वर आली, माझ्या झग्याची उसवलेली बाही शिवून द्यायला. मुकादम खुर्चीखाली होता. तिने त्याला ओढून मांडीवर घेतलं आणि मला विचारलं, की याच्या कानाला काय झालं आहे. मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, कड सुजून फाटली आहे, पू आहे, आणि तुमच्या टॉवेलवर सगळीकडे डाग आहेत. मी रोज टोचते ती जागा बदलून टोचते असं मला वाटत होतं. मी एकाच ठिकाणी टोचत होते. आणि तो टॉवेल मी दर रविवारी धुते, तो मला पांढरा दिसतो.

जनावर म्हणून बोलत नाही, एवढाच त्याचा गुन्हा. आधी खणातली सुईची पेटी उघडली की स्वतः येऊन मांडीवर बसायचा, कारण नंतर खाऊ मिळतो. आता खणाचा आवाज आला की पलंगाखाली जातो. आज त्याला काठीने बाहेर काढावं लागलं.

बोलणारी यंत्रं मिळतात म्हणे, आकडा मोठ्याने सांगतात. आकडा मला दिसतो. थेंब दिसत नाही आणि जखम दिसत नाही, आणि त्या दोन्हींना बोलता येत नाही. हात धुतल्याने एक चूक टळेल. मला न दिसणारी पुढची कुठली, ते मला सांगता येत नाही, आणि ती चूक भोगणार तो. तेव्हा तू सुचवलंस ते कर. मुकादमाला ने. कानाला मलम चालू आहे, तोवर दुसऱ्या कानाला शिवणकामवाली थेंब दाखवायला येते. तिला तिचा व्याप आहे, कायमचं सांगणं बरं नव्हे.

उत्तर लवकर दे. मी मन बदलण्याआधी.
— ताई


२६ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मी मध्येच थांबले तर ह्यांनी हातातून कागद घेतला आणि पुढचं मनात वाचलं. मग बाहेर जाऊन अंगणाच्या फाटकाची फट पाहून आले, बोका निसटेल का म्हणून. तेव्हा घेतोच आहोत. रविवारी हे गाडी घेऊन येतील. आयुष्यभर बस चालवलेला माणूस आहे, बोक्याला धक्का लागू देणार नाहीत.

मी रोज दोनदा ह्यांच्या नव्या यंत्रावर सराव करते आहे, ह्यांच्याच बोटावर. हे म्हणतात, बोका येईपर्यंत माझं रक्त उरलं तर बरं.

आता माझी काळजी ऐक. मुकादम रात्री भुकेला झाला, तोल जायला लागला, तर ओरडेल. मला ऐकू येणार नाही. हे घोरत असतात. त्याचा आवाज ओळखणारं माणूस एकच आहे. मागची खोली रिकामी आहे, उजेडाची आहे, न्हाणीघर लागून आहे. तू त्याच्याबरोबर ये, ताई. पाहुणी म्हणून नको, राहायला ये. दोघींचे मिळून एका धड माणसाचे डोळे-कान होतील. मी हे दयेने म्हणत नाही. माझी दया तू कधी घेतली नाहीस, आता काय घेशील.

पेटी भरली नसेल तर भर. तुझ्या पायांवर डोकं ठेवते, या वेळी ऐक.
— धाकटी


५ डिसेंबर

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे यजमान पोचले असतील आणि मी गाडीत नव्हते हे तुला दारातच कळलं असेल. त्यांना दोष देऊ नकोस. त्यांनी पेटी कुठे आहे असं तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मी चहा केला. या घरात मी हाताने चालते. कडी कुठे, पायरी कुठे, मला पाहावं लागत नाही. तुझ्या घरात मी पहिल्या दिवसापासून आंधळी असेन. इथे अजून नाही. खोली भाड्याने देऊ नकोस, एवढंच आज म्हणते.

तुझी काळजी खरी आहे. त्यावर उपाय हा, की पहिले काही दिवस मुकादमाला तुझ्या उशाशी निजव, आवाज नाही तरी हालचाल कळेल. तोल गेला तर हिरड्यांना साखरेचं पाणी, आणि ताबडतोब डॉक्टर. टोचताना कानामागे पांढरा कापूस धर. जागा रोज बदल. तुला दिसते आहे, तेव्हा सबब नाही. आणि आधी हात धू. हे तुला नव्हे, मलाच ऐकू येण्यासाठी लिहिलं.

गाडी वळेपर्यंत तो ओरडत होता. तुझ्या यजमानांनी काच खाली केली की वर, ते कळलं नाही, पण आवाज एकदम थांबला. खणातली सुईची पेटी उघडायची वेळ झाली तेव्हा मी उघडली, सवयीने. आत काही नव्हतं.

प्रयोगशाळेच्या भांडारातली वस्तू सहीशिवाय बाहेर जाऊ द्यायची नाही, हा माझा जुना नियम तुझ्या यजमानांनी निमूट पाळला. कागदाची नक्कल खाली देते, तुझ्याकडे असू दे. तुझ्यावरचा लोभ हिशेबात धरलेला नाही, तो या कागदाबाहेर आहे.
— ताई

दिलं ते असं: काळा बोका एक, वय अकरा, नाव मुकादम, डावा कान बरा होत आलेला. त्याची टोपली. साखरेची यंत्रं दोन, पैकी एक घेणाऱ्याचंच, परत. इन्सुलिनची नवी बाटली, न उघडलेली, बर्फाच्या थर्मासमध्ये. दोरा बांधलेल्या सुया; दोरा कापायचा की ठेवायचा हे आता तिकडच्यांनी ठरवावं. खाण्याची बशी. टॉवेल एक, न धुतलेला, त्याला वास ओळखीचा लागतो म्हणून. सर्व मिळालं, तक्रार नाही, असं लिहून घेणाऱ्याने सही केली. देणारीला रेघ दिसली नाही. तिची सही, घेणाऱ्याने मनगट धरून दाखवलेल्या जागी केलेली आहे.