अपघाताविना रविवार

१ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ६.१०
नवी वही. पहिल्या पानावर पार्श्वभूमी हवी असा माझा नियम आहे. पुढे संदर्भ लागला तर मलाच शोधाशोध नको.

तर: दर रविवारी दुपारी दोन ते पाच, आमच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही कल्पनेतला खेळ खेळतो. मी गेममास्टर. म्हणजे समोर जंगल आहे की किल्ला, राक्षस कुठे झोपलाय, हे मी सांगायचं. बाकीच्यांनी आपापलं पात्र काय करतं ते सांगायचं, आणि ते जमलं की फसलं ते फासे ठरवतात. खेळाडू तीन. दातांचे डॉक्टर (तलवारबाज), ग्रंथपाल बाई (जादूगार) आणि माझा मेहुणा (चोर. पात्र चोर आहे, मेहुणा विम्यात आहे). तीन वर्षं झाली, एकही पात्र दगावलेलं नाही. मी पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. तिथे गेटवर 'अपघाताविना दिवस' असा फलक असतो. तशी नोंद मी इथेही ठेवतो.

अपघाताविना रविवार: १४१.

आज खेळ संपल्यावर डॉक्टरांनी बूट घालता घालता विषय काढला. लढाया झकास होतात म्हणे, पण एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना जीव जातो. (कोणाचाही गेलेला नाही. वर आकडा आहे.) नवा मुलूख धुंडाळताना छातीत धडधडायला हवं, आपल्याकडे फॉर्म भरल्यासारखं वाटतं, असं म्हणाले. बाईंनी मान डोलावली. मेहुण्याचं मत घेता आलं नाही. तो सावल्यांच्या अरण्यात शिरताना फासा मुठीत धरून झोपला होता, तो झोपलेलाच होता.

मार्चपासून रविवारी दोन ते पाच बॅडमिंटनचं कोर्ट रिकामं आहे, अशीही माहिती डॉक्टरांनी दिली. अजून तीन रविवार बघू म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत.

२ फेब्रुवारी, सोमवार
लंच टाइममध्ये रूट कॉज काढलं. खेळाडूंना माहिती कमी पडते. माणूस कंटाळतो कारण पुढे काय आहे ते त्याला नीट सांगितलेलं नसतं. साधी गोष्ट आहे, इतके दिवस लक्षात कशी आली नाही.

संकल्प:
नवा मुलूख. नवा नकाशा. प्रत्येक ठिकाणाची लेखी माहिती. काहीही अर्धवट नको.

५ फेब्रुवारी, गुरुवार
नकाशा तयार. ठिकाणं ६१. सोबत पुस्तिका, पानं ११२. हवामानाचा तक्ता, माणशी लागणाऱ्या पाण्याचा तक्ता, बुटांच्या झिजेचा तक्ता. प्रत्येक दरीला कठडा (उंची १.१ मीटर). ड्रॅगनच्या गुहेत दोन ठिकाणी 'बाहेर जाण्याचा मार्ग'. बायकोला दाखवला. ती म्हणाली, छान आहे, पण मग ड्रॅगन कशाला ठेवलाय? तिला या खेळातलं कळत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ४
घटना घडली.

सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या, त्याला आता चार महिने होतील. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून विणत असतात. आज त्यांनी चहाचा कप नकाशावर ठेवला. आग्नेय कोपरा. सुबक गोल डाग, व्यास साडेसहा सेंटिमीटर, म्हणजे मुलुखाच्या प्रमाणात एकोणीस कोस.

मी घटनेचा रिपोर्ट भरायला घेतला. घटनेचं कारण काय लिहू, असं त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, चहा.

पुन्हा काढायला वेळ नाही. डागाकडे दुर्लक्ष करावं. खेळाडू सुज्ञ आहेत.

८ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ५.४०
नकाशा पसरल्यावर तिघांनी एकदम त्या डागावर बोट ठेवलं.

मी स्पष्ट सांगितलं, हा डाग आहे, चहाचा आहे. डॉक्टर म्हणाले, असं का, आणि बाईंकडे पाहून डोळा मारला. मेहुणा म्हणाला, भावोजी कधी नव्हे ते काहीतरी लपवताहेत. (मी तीन वर्षांत काहीही लपवलेलं नाही. हीच माझी पद्धत आहे.) पुढचे दोन तास ते आग्नेयेला जायला निघत होते आणि मी त्यांना ठिकाण क्र. १ म्हणजे धान्याच्या कोठाराकडे वळवत होतो. कोठाराचं वर्णन चार पानांचं आहे. दीड पान वाचून झालं.

मात्र मेहुणा झोपला नाही. पुस्तिकेचा परिणाम.

अपघाताविना रविवार: १४२.

१० फेब्रुवारी, मंगळवार
डाग हे डिस्ट्रॅक्शन आहे. कारखान्यात यंत्राजवळ कॅलेंडर लावू देत नाही, तसंच. धोका हटवणे हा पहिला उपाय.

नवा नकाशा काढतो. लॅमिनेट करतो. आता खुशाल कप ठेवा.

१४ फेब्रुवारी, शनिवार
लॅमिनेट झाला. जुना रद्दीत टाकला. सासूबाईंनी विचारलं, गोल कुठे गेला? काढला म्हटलं. त्या म्हणाल्या, अरेरे. आणि टाके मोजायला लागल्या.

१५ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ६
अपेक्षेपेक्षा वेगळं झालं.

नकाशा पाहून बाई किंचाळल्याच. आठवड्यात गोल गायब! कोणी पुसला? राजाने? जादूने? तिघे खुर्च्या सोडून उभे. इतका उत्साह मी तीन वर्षांत पाहिला नव्हता, त्यामुळे काळजी वाटली. उत्साहात माणूस पायाखाली बघत नाही, हे मी दर ट्रेनिंगमध्ये सांगतो.

आग्नेयेच्या वाटेवर मी दरड कोसळवली. त्यांनी वळसा घातला. नदीला पूर आणला. मेहुण्याने होडी चोरली. पूल दुरुस्तीसाठी बंद ठेवला, पहारेकरी बसवला, पहारेकऱ्याने पास मागितला. पासचा अर्ज माझ्याकडे तयार होता. तो भरायला दिला तेव्हा डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. चार वाजताच उठले. पेशंट आहे म्हणाले. रविवारी.

एकूण नियंत्रण चांगलं राहिलं.

अपघाताविना रविवार: १४३.

१८ फेब्रुवारी, बुधवार
झोप नीट लागत नाही. पित्त असावं.

ठरवलं की मोठं मन करायचं. त्यांना गोल हवाय ना? देतो. पण माझ्या पद्धतीने, व्यवस्थित. ठिकाण क्र. ६२: 'तांबडा तलाव'. दोन पानं लिहून काढली. खोली, तापमान, काठाची माती, आत काय आहे (काही नाही), धोके (बुडणे, घसरणे), फलक मजकुरासह. प्रश्नाला जागाच ठेवली नाही.

यापेक्षा अधिक कोणी काय करेल?

२२ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ४.१५
ते तलावाशी पोचले. बाईंचा आवाज कापत होता. डॉक्टरांनी फासा हातात धरून ठेवला होता. मी शांतपणे दोन पानं वाचली. नऊ मिनिटं लागली.

वाचून झाल्यावर बाईंनी विचारलं, म्हणजे आत काहीच नाही का? नाही म्हटलं. कुठेच काही नाही? नाही म्हटलं, मी खात्री केलेली आहे.

डॉक्टरांनी फासा डबीत ठेवला. मेहुणा झोपला.

जाताना डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बॅडमिंटनला पांढऱ्या तळव्याचे बूट लागतात का, एवढं बाईंना विचारत जिना उतरले.

अपघाताविना रविवार: १४४.

२५ फेब्रुवारी, बुधवार
फोन केला नाही. त्यांनी करावा. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती हाती घेतली आहे, अनुक्रमणिकेसह. लोकांना कदाचित अनुक्रमणिका नसल्याचा त्रास झाला.

१ मार्च, रविवार. दुपारी ३.३०
बायको आणि सासूबाई मेहुण्याकडे गेल्या आहेत. मी दोनला नकाशा मांडला. चार खुर्च्या. फासे. कोणी आलं तर.

२.४० ला बेल वाजली. उठताना खुर्ची पाडली. कुरिअरवाला होता, शेजारच्यांचं पार्सल.

रविवार सोडला तर आमची बेल कुरिअरवालाच वाजवतो. हे मी आधी कुठे लिहिलेलं नाही. वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय.

सायं. ६.३०: दोघी हसत परत आल्या. सासूबाई जिना काठीशिवाय चढल्या. कशाला हसता विचारलं तर काही नाही म्हणाल्या.

अपघाताविना रविवार: १४५. (कोणी आलं नाही, पण अपघातही झालेला नाही. नियमात बसतं.)

२ मार्च, सोमवार
दुसऱ्या आवृत्तीसाठी जुना नकाशा हवा होता. रद्दीत नाही. बायकोला विचारलं. तिने भाजी चिरता चिरता सांगून टाकलं. आईने नेला.

बॅडमिंटन वगैरे काही नाही. काल ते सगळे मेहुण्याकडे खेळले. माझे डॉक्टर, माझ्या बाई. डागाचा नकाशा. गेममास्टर: सासूबाई.

सासूबाईंना एकही नियम माहीत नाही! ती पुस्तिका त्यांनी उघडलेलीसुद्धा नाही!

चार महिने खुर्चीत बसून ऐकत होत्या, तेवढं पुरलं, असं बायकोचं म्हणणं. मेहुणा पाचपर्यंत टक्क जागा होता, हेही तिने सांगितलं. मुद्दाम सांगितलं.

३ मार्च, मंगळवार
कडक पत्राचा मसुदा केला. मुद्दे अकरा. कठड्यांचा मुद्दा पहिला.

५ मार्च, गुरुवार
पत्र दिलं नाही. सासूबाईंनीच आज विषय काढला. म्हणाल्या, जावईबापू, रविवारी याल का, दोर धरायला माणूस कमी पडतोय. मी म्हटलं, बघतो, कामं आहेत.

कामं नाहीत.

जायचं ते केवळ निरीक्षक म्हणून. त्रुटी टिपून घ्यायच्या आणि सौम्य शब्दांत कानावर घालायच्या. चेकलिस्ट प्रिंट केली, ३४ बाबी.

८ मार्च, रविवार. संध्याकाळी ५.५०
बूट न काढताच लिहितोय. अक्षर वाईट आलं तर म्हणून नोंद.

मेहुण्याचं घर. बसकं टेबल. सासूबाई सोफ्यावर, मांडीत विणकाम, बाजूला तपकिरी वही. मला दोरवाल्याचं पात्र दिलं. सासूबाई म्हणाल्या, तुम्ही गोलाच्या काठावर आहात. आणि टाके मोजायला लागल्या.

मी पुढची माहिती मागितली. त्या म्हणाल्या, तुम्हाला काय दिसतंय ते तुम्हीच बघा. बाईंनी वाकून पाण्यात बोट बुडवलं, कोमट आहे म्हणाल्या. डॉक्टरांनी दगड टाकला. सासूबाईंनी एक टाका घातला, दुसरा घातला, मग म्हणाल्या की दगड पडल्याचा आवाज आलेला नाही. मेहुण्याने माझा दंड धरला होता.

खोली विचारली. मोजलेली नाही, म्हणाल्या. कठडा? नाही. फलक तरी? फलक आहे, पण अक्षरं कोणीतरी खरवडून काढली आहेत.

चेकलिस्ट घडी करून खिशात ठेवली. आत काय आहे, असं शेवटचं विचारलं. त्या म्हणाल्या, जा, म्हणजे कळेल.

मी जातो, असं कोणीतरी म्हणालं. मीच होतो. कमरेला दोर बांधला, गाठ दोनदा तपासली आणि उडी मारली.

तेव्हा सासूबाईंनी सुया थांबवल्या आणि विचारलं की जावईबापू, दोराचं दुसरं टोक कुठे बांधलंत?

बांधलं नव्हतं. सतरा वर्षांची नोकरी. बांधलं नव्हतं.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. सासूबाईंनी ओळ संपवली, विणकाम गुंडाळलं, बाकीचं पुढच्या रविवारी म्हणाल्या. तीनही जणांनी विनवण्या केल्या. मी सगळ्यांत जास्त केल्या. उपयोग झाला नाही.

अपघाताविना रविवार: माहीत नाही.

९ मार्च, सोमवार
ट्रेनिंगमध्ये 'दोराची दोन टोकं' हा भाग मी आज वगळला.

सकाळी नाश्त्याला सहज विचारलं की पाण्याखाली साधारण काय असावं. रविवारी, म्हणाल्या.

११ मार्च, बुधवार. संध्याकाळी ७
राहवलं नाही. सासूबाई फिरायला गेल्या तेव्हा विणकामाच्या पिशवीतली तपकिरी वही काढली. पानात खूण म्हणून सुई होती. निव्वळ पडताळणी. तयारी कमी पडली असेल तर मदत करता यावी हा हेतू.

पहिल्या पानावर स्वेटरची वीण. दुसऱ्यावर गुडघ्याचे व्यायाम, सकाळी दहा, संध्याकाळी दहा. तिसऱ्यावर व्यायामवाल्या बाईंचा नंबर. बाकी वही कोरी. शेवटपर्यंत कोरी. उलटी धरूनही पाहिली.

तळाशी काय आहे ते कोणालाच माहीत नाही. त्यांनाही नाही.

सव्वासहाला डॉक्टरांचा फोन. तुम्ही एकाच घरात राहता, त्या वहीत डोकावून सांगा ना खाली काय आहे, तीन दिवस पेशंटच्या तोंडात बघतानाही तेच डोक्यात येतंय, असं म्हणाले. सासूबाई एव्हाना परत येऊन खिडकीजवळ बसल्या होत्या.

तीन वर्षांत मी कोणापासून काही लपवलेलं नाही. म्हटलं, वही भरलेली आहे, एवढं लांबून दिसलं. बाकी मला काही माहीत नाही.

फोन ठेवला. सासूबाईंनी मान वर न करता विचारलं, सुई होती त्याच पानात ठेवली ना?