पिठाच्या डब्यातली अकरा कार्डं

संघदीप,

जयभीम. घरसामान हलवणाऱ्या त्या कंपनीसाठी तू शेलूबाजारची अकरा माणसं पुण्याले नेली, अन् कोणी मधातच पळू नये म्हणून त्यांची आधार कार्डं माह्या पिठाच्या डब्यात ठेवून गेला. आता 'कामगारांची कागदपत्रं कोणीच अडकवत नाही' असा कंपनीचा कागद तूच धाडतं, अन् त्यावर साक्षीदार म्हणून मलेच सही मागतं. कोण्या तोंडानं करू? रोज त्याच डब्यातलं पीठ मळून राह्यली मी.

काल चंपाबाई रडत आली. तिचा नवरा तिथं तापानं फणफणला, पण तू त्याले गावाले येऊ देत नाही, अन् कार्ड इथं अडकलं म्हणून त्याले निघताही येत नाही म्हणे. मंग मी अकराही कार्डं घरोघरी देऊन आली.

फोनवर तू केवढा भडकला. म्हणे, "ताई, आता कंपनीचा शेठ मले सोडत नाही." मी इचारलं, तुह्यं कार्ड कुठी हाय? "शेठजवळ," म्हणाला, अन् फोन ठेवला.

हे पत्र मी टाकत नाही. तिथं आलेलं टपाल शेठच आधी फोडते. पण सांग ना बापा, अकरा मी पोचवली, तुह्या बाराव्या कार्डासाठी कोणाच्या दारात जाऊ?

तुह्यी ताई,
स्नेहा