दोघांचं काम

प्रिय धाकट्या,

माझा उजवा खांदा वर होत नाही आणि गुडघा जिना चढू देत नाही. डॉक्टर म्हणाले, “स्नायू दुखावला असेल, नाहीतर सांध्याची झीज. जड काय उचललंत?” मी म्हटलं, “कपाट.” आईला ओझं म्हणायला जीभ रेटली नाही.

नर्सने बजावलं होतं, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उचलू नका, चादरीसकट सरकवा. त्याला दोन्ही बाजूंना माणूस लागतो. मी एकटीच उचलत राहिले.

काल आई माझ्या हातातून निसटली. पलंगावरच पडली, पण घाबरून हाक तुलाच मारली. मी म्हटलं, “येतोय तो.” तेव्हा कुठे शांत झाली.

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. तुझा नकार येत नाही, तोवर मी तिच्याशी खोटं बोललेले नाही.

तुझी,
ताई