सावरगावचा गोटा

५ नोव्हेंबर १९८६, बुधवार
दिवाळी संपली. आजपासून लिहून ठेवतो. विषय एकच. वर्ष झालं, अंथरुणात माझ्याकडून काही होत नाही. लिहिलं एकदाचं. आता रडणं बंद, इलाज सुरू. मी फॉरेस्टचा नाकेदार आहे. माझी शिट्टी ऐकून सागवानाचे ट्रक जागच्या जागी थांबतात. मी असा हारणार नाही.
कारण मला पक्कं माहीत आहे. कारणाचं नाव उत्तम. कुसुमचा सख्खा भाऊ, माझा साळा, राहणार सावरगाव. काल भाऊबीजेला आला होता. अनारसे हाणून गेला. मी त्याच्याशी बोललो नाही. वर्षभरापासून बोलत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
भैय्याजी मिठाईवाल्याने नागपूरच्या एका डॉक्टरचा पत्ता दिला. मूत्ररोगाचे स्पेशालिस्ट. मी म्हटलं, एका दोस्तासाठी पाहिजे. भैय्याजी म्हणे, दोस्ताला आधी माझे डिंकाचे लाडू खाऊ घाल, डॉक्टरची गरजच पडणार नाही. असा माणूस सोन्याने तोलावा.
ट्रंक कॉल लावला. शुक्रवार २१ तारीख मिळाली. कंपाउंडर म्हणे, मिसेसला सोबत आणा. याला काय करायचं आहे माझ्या मिसेसचं? भोचक कुठला. मी फोन ठेवला.
तोपर्यंतचा प्रोग्राम: पहाटे जोर-बैठका. सकाळी लाडू. दुपारी संत्र्याचा रस. रात्री आटवलेलं दूध, साखर सढळ हाताने. डॉक्टरपुढे मरतुकडा म्हणून जायचं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
डॉक्टरला सांगायची केस तयार केली. पाठ करतो आहे.
मागच्या साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमची दरवर्षीची गोटमार होती. जाम नदीच्या मधात पळसाचा झेंडा. या काठावर आम्ही पांढुर्ण्याचे, त्या काठावर सावरगावचे, दोन्हीकडून गोटे चालू. मी सगळ्यांच्या पुढे. भैय्याजी माझ्या मागे. त्या काठावर उत्तम उभा, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. तेवढ्यात गोटा आला आणि मला कमरेखाली लागला. चक्कर येऊन पाण्यात पडलो. डोळे उघडले ते दवाखान्यात. भैय्याजीनेच उचलून नेलं असणार, दुसरं कोण नेईल? त्याने तो गोटासुद्धा मला शोधून आणून दिला. नदीतल्या एवढ्या गोट्यांत बरोबर ओळखला! गोटा मी जपून ठेवला आहे. नागपूरला नेतो. पुरावा पाहिजे.

११ नोव्हेंबर, मंगळवार
जोर-बैठका उद्यापासून. आज थंडी होती. लाडू मात्र वेळेवर.
तहान फार लागून राहिली. माठ मी एकटाच रिकामा करतो. शरीर जागं होऊन राहिलं, म्हणून पाणी मागतं. सायन्स आहे.
मोरीत पुन्हा मुंग्या. कुसुमला म्हटलं, घर आहे का वारूळ? तर म्हणे, तुमी लघवीले जाऊन आले का मंगच लागतात, मायाच्यानं नाही लागत. पाहा उत्तर! आणखी म्हणे, माया बाबाले असंच होतं, सरकारी दवाखान्यात साखर पाहून घ्या. मी म्हटलं, तुमच्या सावरगावात असतील असले रोग, आम्ही पांढुर्ण्याची माणसं आहोत. मोरीभर पावडर टाकली. मुंग्या सावरगावच्याच असाव्यात, मरता मरत नाहीत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
बेल्टला नवं भोक पाडावं लागलं. पोट उतरलं! व्यायामाचा परिणाम. (व्यायाम सोमवारपासून. पण मनाने ठरवलं की शरीर आपोआप कामाला लागतं.)
रात्री प्रयत्न केला. फेल. कारण तिनेच ऐन वेळी उत्तमच्या म्हशीचा विषय काढला. डोक्यात म्हैस असताना कोण काय करेल? मी भिंतीकडे तोंड फिरवलं. ती उठली, खाट ओढत सैपाकखोलीत नेली. थोड्या वेळाने रडण्याचा आवाज आला. मला राग आला. मग भीती वाटली. हिचं माहेर एका पुलापलीकडे आहे. बाई चालत निघाली तर चहा उकळायच्या आत पोचते. आणि गेली तर मी काय करू?
लाडू वाढवले.

१७ नोव्हेंबर, सोमवार
नागपूरला का जाता, म्हणून कुसुमने पिच्छा पुरवला. मी म्हटलं, पथरी आहे. मोठी चूक केली. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला माहीत. केसरबाई कुळथाचं पाणी घेऊन आल्या. रघुनाथराव स्वतःची पथरी कशी पडली ते जेवणाच्या वेळेला सांगत बसले.
आपल्याकडे नागपूरच्या दवाखान्यात कोणी एकटं जात नाही. माणूस सोबत पाहिजेच. एकटा गेला तर लोक म्हणतात, याला घरचं कोणी नाही का? कुसुमने माणूस ठरवला: उत्तम!
मी थाळी सरकवली. मरेन पण त्याच्यासोबत जाणार नाही. ती म्हणे, मग मीच येते, डॉक्टरले सारं इचारते. सारं! मी म्हटलं, उत्तम चालेल.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी, गाडीत
ज्याने मारलं तोच समोर बसला आहे. थैली त्यानेच उचलली. म्हणे, भाऊजी, थैलीत काय गोटे भरले का? मी खिडकीबाहेर पाहिलं. नालायक. प्रत्येक स्टेशनवर उतरून माझ्यासाठी पाणी भरून आणतो. मी पितो. बोलत नाही.

तोच दिवस, संध्याकाळी, परतीच्या गाडीत
केस सांगितली. गोटा टेबलावर ठेवला. डॉक्टर गोट्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, कुठे लागला दाखवा. दाखवलं. म्हणाले, अहो, हा व्रण तर मागच्या बाजूला आहे. सावरगाव समोर होतं ना? मग मागे कोण होतं?
मी म्हटलं, मी पळत नव्हतो. पोझिशन बदलत होतो. डॉक्टर म्हणाले, तसं असेल किंवा मागच्याचा नेम चुकला असेल, पण मांसाला लागलेला मार, तो कधीच बरा झाला, त्याचा याच्याशी संबंध नाही.
मग विचारलं, तहान? रात्री उठावं लागतं? वजन उतरलं? मी सगळ्याला अभिमानाने हो म्हटलं. लघवी तपासली. नळीत निळं औषध होतं, गरम केल्यावर आमच्या संत्र्याचा रंग आला. डॉक्टर म्हणाले, साखर आहे आणि भरपूर आहे, त्यानेच हे झालं. गोड बंद, रोज चालायचं, या गोळ्या. काही फरक पडेल, किती ते आज सांगता येणार नाही. आणि बायकोला खरं सांगा. घरी लघवीला मुंग्या लागतात का? मी म्हटलं, बायको घर साफ... वाक्य पूर्ण नाही केलं.
बाहेर उत्तमने माझ्यासाठी संत्रं सोलून ठेवलं होतं. मी नको म्हटलं. साखर निघाली, सांगितलं. म्हणे, बाबाले बी होती, मी कुसुमले म्हटलंच होतं. पुढे काही विचारलं नाही. शेवटी मीच विचारलं, वर्षात पहिल्यांदा तोंड उघडून, की त्या गोटमारीला तू काय करून राहिला होता? म्हणे, तुमी पडले न् मी नदीत उतरलो. तुमाले खांद्यावर घेतलं. माया डोक्यात दोन बसले तुमच्याच लोकायचे. तुमाले कोणी सांगतलं नाही का? आन् तुमचा भैय्याजी तं तुमी पडताच पळाला.
कुसुमने सांगितलं असेल. मी ऐकलं नसेल. आता गाडी नरखेडला उभी आहे. पाणी भरायला यावेळी मी उतरलो. दोघांसाठी.

२२ नोव्हेंबर, शनिवार
भैय्याजीच्या दुकानासमोरून गेलो. त्याने लाडू दाखवला. मी थुंकलो. (बाजूला.)
कुसुमला सगळं सांगितलं. पथरी नाही, हे आहे. ती खाली बसली आणि रडायला लागली. म्हणे, सालभर मले वाटून राहिलं का मी तुमाले आवडत नाही आता. दिवाळीले नवं लुगडं नेसली, तुमी पाह्यलं बी नाही. मग पदराने डोळे पुसले आणि भडकली. तोंड होतं न तुमाले? बोलता येत नव्हतं? माया भावाले सालभर गुन्हेगार केलं! मुंग्याईवर पावडर टाकत बसले!
मी पावडरचा डबा उचलून बाहेर ठेवला.
मग तिने माझ्या थैलीतून तो गोटा काढला, स्वच्छ धुतला आणि साखरेच्या डब्यावर ठेवला. म्हणे, आता उघडून दाखवा. उत्तमला उद्या जेवायला बोलावलं आहे. त्याला पुरणपोळी, मला कारलं.
चहा फिक्का होता. तिने स्वतःचाही फिक्काच केला, हे मी पाहिलं. या वेळी पाहिलं.
खाट मात्र अजून सैपाकखोलीतच आहे. म्हणे, तुमचा भरोसा नाही, डब्याजवळ कोणी झोपाले पाहिजे.