दारातलं फडकं

३ जून
सिनेमावाले आले होते. तिघं. दोन्ही हातांनी कार्डं दिली, कमरेत वाकले. दीडशे वर्षांनंतरची व्हीलचेअर बनवून हवी! त्यांनी आणलेल्या चित्रात पुढची चाकं एवढीशी – पहिल्याच फटीत अडकणार. ऑर्डरवर शिक्का पडेपर्यंत गप्प बसलो. मग दाखवलं. पहिल्याच दिवशी चूक काढली की गिऱ्हाईक पळतं. सायकलींची पंक्चरं काढत होतो तेव्हापासूनचा धडा. जेवताना लेकीला, नागिसाला रंगवून सांगितला.
मंगळावर राहणाऱ्या कुटुंबाची गोष्ट. थोरली मुलगी व्हीलचेअरवर. ‘सगळ्यांना सामावून घेणारा सिनेमा,’ असं निर्माते कावाजोएसान तीनदा म्हणाले.
नागिसाची वाटी हातातच राहिली. पंधरा वर्षांची आहे, चौथ्या वर्षापासून मी बनवलेल्याच खुर्चीत. “बाबा, ते काम मला हवंय.”

११ जून
तिची चाचणी. मी दाराबाहेर. पण कान तिखट!
“बोलते छान. जरा जास्तच आनंदी आहे हो.”
“हो ना. खुर्चीतली वाटतच नाही.”
बाहेर येऊन म्हणाले, “जरूर विचार करू.” म्हणजे नाही. साठ वर्षं या जपानात काढली, एवढं कळतं.
घरी आल्यावर नागिसाने दारातल्या फडक्याने चाकं पुसली. नेहमीपेक्षा जोरात.

१८ जून
काम मिओरीला. गाणारी पोरगी, चालती-फिरती, नाचतीसुद्धा! नागिसाला ‘सल्लागार’ केलंय. “तुमच्याशिवाय सिनेमा अपुरा आहे!” – इति कावाजोएसान. यानाच्या सेटला तीन पायऱ्या. सल्लागारबाईंना चौघांनी उचलून आत नेलं.

२ जुलै
मिओरी खुर्ची बरी चालवते. ब्रेक लावून ढकलते, एवढंच.

१० जुलै
मंगळावरच्या घरातले प्रसंग संपले. चार दिवस नागिसा कोपऱ्यात, तोंडातून शब्द नाही. विचारलं, काही चुकतंय का गं? “सगळे किती मेहनत घेतायत, बाबा.” पोरीने हाय खाल्ली बहुतेक. मला जेवण गेलं नाही.

२४ जुलै
मिओरी केस कापून परदेशच्या दौऱ्यावर गेली, सहा महिने. सगळे प्रसंग जोडून तयार झालेला सिनेमा आज आम्हाला दाखवला. दिवे लागले आणि सल्लागारबाईंनी हात वर केला.
“ती अंगणातून येते नि तशीच ताटामीच्या चटईवर जाते. चाकं पुसली कुणी?”
कावाजोएसान पांढरेफटक. म्हणजे बुटांसकट घरात! सबंध सिनेमाभर, आई-आजीच्या देखत, बुटांसकट!
“तिथली हवा निर्जंतुक असते, असं दाखवलं तर...” कुणीतरी पुटपुटलं.
“चटईवर लाल माती दिसतेय,” नागिसा म्हणाली.
मिओरी मिळणार नाही. तारीख हलणार नाही. सगळे छताकडे बघत बसले. मग आमची बया अगदी नम्रपणे, “शेजारची मैत्रीण बरोबर आली तर? दारात आपली चाकं पुसेल नि फडकं नायिकेकडे फेकेल. झेलणारे हात कुणाचेही चालतील.”
“मैत्रीण आता कुठून आणायची?”
हळूहळू एकेकाची नजर खाली आली. तिच्या खुर्चीवर.

३१ जुलै
झालं चित्रण! फडकं आमच्या दारातलंच. पुसलं, मान वर केली, फेकलं – “घे, तुझी पाळी!”
“जरा कमी आनंदी...” कावाजोएसान.
“मी मैत्रीण आहे. दुःखी राहायचं काम नायिकेचं.”
पहिलाच टेक ठेवला.

२० मार्च
पहिला खेळ. पडद्यावर तिचा चेहरा – एवढा मोठा! मी चष्मा पुसत बसलो, निम्मं हुकलं. शेवटी परग्रहवाल्यांच्या कृपेने नायिका उठून चालू लागते. सगळं थिएटर रडलं. नागिसा कानात म्हणाली, “आता हिला बूट काढावे लागणार.”
बाहेर कावाजोएसान पत्रकारांना सांगत होते, “ती मैत्रीण पहिल्या दिवसापासून डोक्यात होती.”

२१ मार्च
सकाळी म्हणालो, “पहिल्या दिवसापासून म्हणे! थापाड्या.”
नागिसा दारात चाकं पुसत होती. “खरंय की, बाबा. माझ्या डोक्यात होती. शिक्का पडायची वाट बघत होते.”